बिटांचा हिशेब मांडणारा गणिती

तीन तासांचा चित्रपट एका डीव्हीडीवर बसवायचा असेल, तर हिशेब वरवर सोपा आहे. एका थराच्या साध्या डीव्हीडीवर सुमारे ४७० कोटी बाइट, म्हणजे ३,७६० कोटी बिट मावतात. तीन तासांच्या १०,८०० सेकंदांनी त्यांना भागले, की एका सेकंदाच्या वाट्याला जेमतेम ३५ लाख बिट येतात. त्यातूनच संवाद, गाणी आणि पार्श्वसंगीत यांचाही वाटा काढून ठेवावा लागतो. आता दुसरी बाजू पाहू. आपल्याकडील पाल पद्धतीच्या डीव्हीडीवरचे चित्र काहीही न वगळता साठवायचे म्हटले, तर सेकंदाला १२ कोटींहून अधिक बिट लागतात. त्या हिशेबाने अख्खी चकती पाच मिनिटांत भरून जाईल. नायकाचे नाव पडद्यावर येण्यापूर्वीच जागा संपलेली असेल.

याचा अर्थ असा, की चित्रपट चकतीवर उतरवणाऱ्याला प्रत्येक ३६ बिटांमागे ३५ सोडून द्यावे लागतात; आणि तरीही पाहणाऱ्याला काही हरवल्याचे जाणवता कामा नये. हे शक्य कसे होते? किती सोडले तर चालते आणि कोणत्या रेषेच्या पलीकडे कितीही चतुराई केली तरी चित्र बिघडणारच? या प्रश्नांच्या उत्तरांचा पाया डीव्हीडी बाजारात येण्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी एका अमेरिकन गणितज्ञाने घालून ठेवला होता. त्यांचे नाव क्लॉड एलवुड शॅनन.

कुंपणाच्या तारेवरचा संदेश

शॅनन यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या पेटॉस्की येथे झाला. बालपण मात्र जवळच्या गेलॉर्ड या छोट्या गावात गेले. वडील व्यावसायिक होते आणि वारसाहक्काच्या खटल्यांचे न्यायाधीश म्हणूनही त्यांनी काम केले. आई भाषा शिकवीत असे आणि काही काळ गावातील शाळेची मुख्याध्यापिका होती. थोरली बहीण कॅथरिन गणितात हुशार. छोट्या क्लॉडला मात्र हातांनी काही तरी बनवण्याचा नाद होता. सुमारे अर्ध्या मैलावर राहणाऱ्या मित्राच्या घरापर्यंत त्याने तारयंत्र उभारले, आणि त्यासाठी वेगळी तार न आणता शेताच्या कुंपणाची काटेरी तारच वापरली. शाळकरी वयात त्याने घरोघरी तारा पोहोचवण्याचे कामही केले.

तारेच्या मजकुरात शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसे आपोआप काटकसर करीत. मुद्द्याचे तेवढे ठेवीत, उरलेले वाचणाऱ्याने समजून घ्यावे असे गृहीत धरीत. गेलॉर्डच्या रस्त्यांवर तारा वाटणारा हा मुलगा पुढे याच काटकसरीचे गणित मांडणार होता.

मिशिगन विद्यापीठातून १९३६ मध्ये विद्युत अभियांत्रिकी आणि गणित अशा दोन पदव्या घेऊन शॅनन एमआयटीत दाखल झाले. तेथे व्हॅनेव्हर बुश यांचे दांडे, चाके आणि कप्प्या यांनी बनलेले महाकाय गणनयंत्र चालवण्याचे काम त्यांच्याकडे आले. ते यंत्र हाताळताना त्याला नियंत्रित करणाऱ्या विद्युत रिलेंच्या जाळ्याकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. रिले एक तर चालू असतो किंवा बंद. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्या तर्काच्या बीजगणितातही विधान एक तर खरे असते किंवा खोटे. हे दोन्ही एकच आहेत, हे शॅनन यांनी १९३७ मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवून दिले. त्या वेळी त्यांचे वय होते २१. आजच्या प्रत्येक डिजिटल यंत्राच्या रचनेमागे हा प्रबंध उभा आहे.

बोलणे कमी, अर्थ तोच

आनुवंशिकतेच्या गणितावर प्रबंध लिहून १९४० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि पुढच्याच वर्षी ते बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. दुसरे महायुद्ध सुरू होते. विमानवेधी तोफांच्या नियंत्रणापासून गुप्तलेखनापर्यंत अनेक कामे त्यांच्या वाट्याला आली. १९४३ च्या सुरुवातीला ब्रिटिश गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग काही आठवडे या प्रयोगशाळेत होते. दोघेही गुप्त कामात गुंतलेले असल्याने त्याविषयी परस्परांशी बोलू शकत नव्हते. चहाच्या वेळी त्यांच्या गप्पा रंगत त्या यंत्रांना विचार करता येईल का, या विषयावर.

याच काळात वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यातील नेत्यांचे दूरध्वनी संभाषण शत्रूला कळू नये, यासाठी सिगसॅली नावाची यंत्रणा उभी राहिली. तिच्या सुरक्षिततेच्या गणिती बाजूवर शॅनन यांनीही काम केले. या यंत्रणेत आवाज जसाच्या तसा पाठवला जात नसे. त्याचे दहा पट्ट्यांत विभाजन करून प्रत्येक पट्ट्यातील जोर सेकंदाला ५० वेळा मोजला जाई आणि सहा ठरावीक पायऱ्यांपैकी एकीवर बसवला जाई. आवाजातील गोडवा, लकब, व्यक्तिमत्त्व यांतले बरेच काही जाई. पण शब्द कळत. काय गमावले तर चालते आणि काय गमावून चालत नाही, याचा तो मोठा प्रत्यक्ष धडा होता.

युद्ध संपल्यावर १९४८ च्या जुलै आणि ऑक्टोबरमध्ये बेल प्रयोगशाळेच्या नियतकालिकात शॅनन यांचा संज्ञापनाच्या गणिती सिद्धांतावरील निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. तोवर तार, दूरध्वनी, रेडिओ आणि दूरचित्रवाणी ही वेगवेगळी शास्त्रे मानली जात. शॅनन यांनी ती एका सूत्रात ओवली. संदेशाचा अर्थ काय, हे त्यांनी बाजूला ठेवले. संदेश येण्यापूर्वी ऐकणाऱ्याच्या मनात किती अनिश्चितता होती आणि तो आल्यावर ती किती कमी झाली, एवढेच मोजायचे. दोन सारख्याच संभाव्य पर्यायांपैकी एकाची निवड म्हणजे एक बिट. हा शब्द सुचवण्याचे श्रेय त्यांनी आपले सहकारी जॉन ट्युकी यांना दिले. नाणेफेकीचा निकाल एक बिट माहिती देतो. पण ज्या नाण्याच्या दोन्ही बाजूंना छापाच आहे, त्याचा निकाल काहीच सांगत नाही. ज्याचा अंदाज आधीच बांधता येतो, ते पाठवण्याची गरजच नसते.

भाषेत अशा अंदाजाला वाव असलेल्या जागा किती, हेही त्यांनी तपासले. मजकुरातील पुढचे अक्षर ओळखायला सांगण्याचे प्रयोग करून १९५१ मध्ये त्यांनी दाखवले, की इंग्रजीची २६ अक्षरे आणि एक मोकळी जागा यांना वरवर पाहता प्रत्येकी पावणेपाच बिट लागत असले, तरी लांब मजकुरात अक्षरामागे खरी माहिती साधारण एका बिटाइतकीच असते. बाकीची पुनरुक्ती.

चित्रपटात तर ही पुनरुक्ती पदोपदी भेटते. वृत्तनिवेदक बोलत असतो तेव्हा मागचा पडदा हलत नाही. एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जाताना बदलतात ते ओठ आणि पापण्या. म्हणून डीव्हीडीवर प्रत्येक चौकट पूर्ण लिहिली जात नाही. काही चौकटी पूर्ण लिहायच्या आणि मधल्या चौकटींत फक्त फरक नोंदवायचा, अशी ती पद्धत आहे. वारंवार येणाऱ्या चिन्हांना छोटी आणि क्वचित येणाऱ्यांना लांब सांकेतिक रूपे देण्याचे तंत्रही तेथे वापरले जाते. त्याची पहिली रीत शॅनन आणि एमआयटीतील रॉबर्ट फॅनो यांनी स्वतंत्रपणे सुचवली होती. फॅनो यांचा विद्यार्थी डेव्हिड हफमन याने परीक्षेऐवजी निबंध लिहिण्याचा पर्याय निवडला आणि त्यातून गुरूंपेक्षा सरस रीत शोधून काढली. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली ती रीत आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

तोट्याचा कायदा

मात्र निव्वळ पुनरुक्ती काढून ३६ चे १ होत नाही. त्यासाठी खरोखरच काही गमवावे लागते. किती गमावले तर किती बिट वाचतात, हा प्रश्न शॅनन यांनी १९४८ च्या निबंधाच्या अखेरीस उपस्थित केला होता. त्याचे सविस्तर उत्तर त्यांनी १९५९ मध्ये दिले. मूळ आणि उतरवलेली प्रत यांच्यातील फरकाला त्यांनी माप दिले आणि प्रत्येक मापासाठी किमान किती बिट लागतील, याची एक वक्ररेषा काढता येते हे सिद्ध केले. एका अक्षावर बिट, दुसऱ्यावर तोटा. या रेषेच्या वर राहून हवे तेवढे चांगले काम करता येते, तिच्या जवळही जाता येते. पण तिच्या खाली कोणालाही, कोणत्याही यंत्राने जाता येत नाही.

डीव्हीडी तयार करणाऱ्याची सारी कसरत या रेषेच्या आसपास चालते. चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे छोटे चौकोन करून त्यांतील ढोबळ आणि बारीक तपशील वेगळे केले जातात. यासाठी वापरले जाणारे गणिती रूपांतर बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये मांडले होते. डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारीक तपशील मग जाड मापाने मोजले जातात. हे माप जितके जाड, तितके बिट कमी आणि चित्रातील चौकोन उघडे पडण्याचा धोका अधिक. हे माप म्हणजे जणू नळाची तोटी. ती किती उघडायची, यावर बिटरेट आणि पर्यायाने फाइलचा आकार ठरतो.

तोटी हाताळण्याच्या दोन रीती आहेत. एकीत बिटांचा वेग स्थिर ठेवतात. व्हीसीडीत चित्राला सेकंदाला सुमारे साडेअकरा लाख बिट मिळत; स्थिर श्रेयनामावली असो की पावसात भिजणारा जमाव, वाटा तोच. श्रेयनामावलीला तो नको तितका होई आणि जमावाला अपुरा पडे. नाचगाण्याच्या प्रसंगी व्हीसीडीवरचे चित्र फुटलेले ज्यांनी पाहिले, त्यांनी स्थिर वेगाची ही किंमतच पाहिली होती.

दुसऱ्या रीतीत वेग बदलू देतात आणि दर्जा शक्य तितका समान ठेवतात. डीव्हीडीला हे जमते. तिच्यावर चित्राचा कमाल वेग सेकंदाला ९८ लाख बिट असू शकतो. पण सतत त्याच वेगाने लिहीत गेले, तर साध्या चकतीची जागा ६४ मिनिटांत संपते. म्हणून चित्रपट दोनदा पार करतात. पहिल्या फेरीत काहीही अंतिम लिहिले जात नाही. कोणता प्रसंग किती अवघड आहे, याची फक्त नोंद होते. दुसऱ्या फेरीत एकूण जागेचा आकडा समोर ठेवून बिट वाटले जातात. शांत प्रसंगांतून वाचवलेले बिट लाटा, धूर, गर्दी अशा खर्चिक प्रसंगांना मिळतात, आणि अखेरीस फाइल चकतीत नेमकी बसते. आपल्या घरात महिन्याचा पगार हाती आल्यावर सणवार, शाळेची फी आणि वाणसामान यांचा अंदाज घेऊन खर्च ठरवतात, तसेच हे. चित्रपट फारच लांब असेल आणि जागा तेवढीच, तर मात्र कितीही फेऱ्या करून उपयोग नसतो. मग चौकटीचा आकार कमी करावा लागतो, दोन थरांची चकती घ्यावी लागते किंवा चित्रपट दोन चकत्यांवर विभागावा लागतो. शॅनन यांची रेषा तेथे आडवी येते.

ही उपकरणे किंवा आज्ञावल्या शॅनन यांनी बनवल्या नाहीत. ते श्रेय पुढच्या असंख्य अभियंत्यांचे. शॅनन यांनी त्यांना मर्यादा दाखवली, आणि मर्यादा कळली की व्यर्थ धडपड थांबते. शिवाय त्यांच्या १९४८ च्या निबंधाची दुसरी बाजूही चकतीवर हजर असते. संदेशात योग्य प्रकारे जादा बिट मिसळले, तर गोंगाटातूनही तो जवळजवळ निर्दोष पोहोचवता येतो, असे त्यांनी सिद्ध केले होते. म्हणून निरुपयोगी पुनरुक्ती काढून टाकल्यावर चकतीवर उपयोगी पुनरुक्ती मुद्दाम घातली जाते. त्यासाठीची सांकेतिक पद्धत अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये शोधली. बारीक ओरखडे पडलेली डीव्हीडीही बिनतक्रार चालते, ती त्यामुळेच.

कीर्तीपासून दूर

हे सारे करणारा माणूस मात्र गंभीर चेहऱ्याचा विद्वान नव्हता. बेल प्रयोगशाळेच्या बोळांतून शॅनन एकचाकी सायकल चालवत. हातांत चेंडू झेलण्याचा खेळ त्यांना इतका प्रिय होता, की त्याचेही गणित त्यांनी मांडले. १९४९ मध्ये त्यांनी याच प्रयोगशाळेत गणनाचे काम करणाऱ्या बेटी मूर यांच्याशी विवाह केला. आधीचा एक विवाह अल्पकाळात संपला होता. हा आयुष्यभर टिकला. १९५० मध्ये चक्रव्यूहातून वाट शोधणारा आणि ती लक्षात ठेवणारा थिसियस नावाचा यांत्रिक उंदीर त्यांनी बनवला, तेव्हा तारा जोडायला बेटी सोबत होत्या. रोमन अंकांत गणिते करणारे यंत्र, ज्वाळा ओकणारा ट्रम्पेट, असल्या वस्तूंनी विंचेस्टरमधील त्यांचे घर भरले होते. १९६१ मध्ये एडवर्ड थॉर्प यांच्यासह त्यांनी अंगावर बाळगता येण्याजोगा छोटा संगणक तयार केला आणि रूलेटच्या चाकाचा अंदाज घेण्यासाठी दोघे सपत्नीक लास व्हेगासला जाऊन आले.

प्रसिद्धी मात्र त्यांना मानवली नाही. माहिती सिद्धांत हा पन्नासच्या दशकातील परवलीचा शब्द झाला. मानसशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत जो तो त्याचा वापर करू लागला. १९५६ मध्ये एक छोटे टिपण लिहून शॅनन यांनीच या लाटेला आवर घालण्याचा सल्ला दिला. ज्याच्या नावाचा जयघोष चालला आहे, त्यानेच तो थांबवण्यास सांगावे, हे विरळाच. पुढे एमआयटीत प्राध्यापक असतानाही त्यांचे लेखन कमी होत गेले. पत्रांना उत्तरे जात नसत. १९७८ मध्ये ते निवृत्त झाले. १९८५ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटन येथे माहिती सिद्धांताची परिषद भरली असताना ते अचानक तेथे प्रकटले. अनेक तरुण संशोधकांना हा गृहस्थ हयात असल्याचेही ठाऊक नव्हते. बोलण्याचा आग्रह झाल्यावर ते थोडे बोलले आणि मग खिशातून तीन चेंडू काढून झेलू लागले. त्याच वर्षी त्यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला.

तोपर्यंत आजाराची सावली पडू लागली होती. अल्झायमरने हळूहळू त्यांची स्मृती पोखरली. १९९३ मध्ये त्यांना शुश्रूषागृहात ठेवावे लागले. याच सुमारास व्हीसीडी आली. १९९६ मध्ये जपानमध्ये पहिल्या डीव्हीडी विक्रीस आल्या. शॅनन यांच्या रेषेच्या जवळ जाण्याची स्पर्धा जगभर सुरू झाली होती, लक्षावधी घरांत चित्रपट चकत्यांवरून फिरू लागले होते, आणि ज्यांच्या गणितामुळे हे घडले ते शॅनन यातले काही ओळखण्याच्या पलीकडे गेले होते. ऑक्टोबर २००० मध्ये गेलॉर्डमध्ये त्यांचा पुतळा उभारला गेला, तेव्हा त्या सोहळ्यालाही ते जाऊ शकले नाहीत. २४ फेब्रुवारी २००१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

चकतीवरचा तोटा हा मोजून, मापून, निवडून पत्करलेला असतो. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे कोणी तरी विचारपूर्वक ठरवलेले असते. शॅनन यांच्या वाट्याला आलेल्या तोट्यात निवडीला जागा नव्हती. बेटी मात्र अखेरपर्यंत त्यांच्या सोबत राहिल्या.

आता चकत्यांचे दिवस सरत आले आहेत. चित्रपट मोबाइलच्या पडद्यावर येतात, आणि जोडणी मंदावली की चित्र क्षणभर धूसर होऊन पुन्हा स्पष्ट होते. त्या क्षणी तोच हिशेब नव्याने झालेला असतो : हाती इतकेच बिट आहेत, त्यांतून जे महत्त्वाचे ते आधी. गेलॉर्डच्या रस्त्यांवर तारा वाटणाऱ्या मुलाला तो हिशेब फार लवकर भेटला होता.